औषधपाण्याचा रकाना

बाबांच्या हिशेबाच्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. ते बंगळुरूच्या दूरवाणीनगरात आयटीआय, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये फिटर होते. मिरजेहून इथे आलेल्या माणसाने जसा संसार केला असेल तसाच त्या पानांवर दिसतो: वाणसामान, दूध, रॉकेल, शाळेची फी, महाराष्ट्र मंडळाची वर्गणी, गावी पाठवलेली मनीऑर्डर, दिवाळीचे कापड. वह्या पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळल्या तरी त्यांत औषधाचा रकाना सापडत नाही. आम्ही आजारी पडत नव्हतो असे मुळीच नाही. मला विषमज्वर झाला होता, धाकट्याचा हात मोडला होता, आईचे तर मोठे ऑपरेशन झाले होते. पण वसाहतीजवळ कारखान्याचा दवाखाना होता आणि तिथे कोणी पैसे मागत नसे. आजारपण घरात येई, हिशेबात येत नसे.

तेव्हाचे बंगळुरू कितीतरी घरांसाठी असेच होते. एचएएल १९४०ची, आयटीआय १९४८ची, एचएमटी १९५३ची, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ची. या कारखान्यांनी कामगारांना पगार तर दिलाच, पण वसाहती, शाळा आणि दवाखानेही दिले. आज या शहराची ओळख संगणकाची असली, तरी ज्यांचे बालपण त्या वसाहतींत गेले त्यांना माहीत आहे की ‘डॉक्टरकडे जायचे आहे, पैसे आहेत का?’ हा प्रश्न आमच्या घरांत कधी विचारलाच गेला नाही.

माझ्या स्वतःच्या वहीत मात्र औषधपाण्याचा रकाना आहे आणि तो दरवर्षी रुंद होत चालला आहे. मी बँकेतून निवृत्त झाले. यजमानांचीही पेन्शन आहे. दोघांच्या गोळ्या, तपासण्या, दातांचे, डोळ्यांचे, आणि विम्याचा हप्ता असे सगळे धरले तर गेल्या वर्षी उत्पन्नाचे जवळजवळ ११ टक्के त्यात गेले. आम्हाला ते झेपते. घर स्वतःचे आहे, मुले कमावती आहेत. पण आयुष्यभर आकड्यांत काम केल्यामुळे मला त्या ११ टक्क्यांनी स्वस्थ बसू दिले नाही. आमच्यासारख्यांचे हे, तर बाकीच्यांचे काय?

घराने आरोग्यावर किती खर्च केला म्हणजे तो ‘फार’ झाला, याचे एक माप जगभर वापरत आले आहेत. संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची जी उद्दिष्टे ठरवली, त्यांत घराच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम खिशातून उपचारांवर जात असेल, तर ते घर संकटात आहे असे धरले जाई. २५ टक्क्यांची आणखी एक वरची रेषा होती. खिशातून म्हणजे उपचार घेताना हातोहात दिलेले पैसे. विम्याचा हप्ता त्यात मोजत नाहीत. म्हणजे आमच्या ११ टक्क्यांतून हप्ता वजा केला की आम्ही त्या मापाने सुखरूप ठरतो.

आता बंगळुरूतल्याच एका वस्तीकडे येते. शहराच्या ईशान्येला नागवाराजवळ काडुगोंडनहळ्ळी आहे. सगळे तिला केजी हळ्ळी म्हणतात. दाट वस्ती, त्यात दोन झोपडपट्ट्या, सरकारी आरोग्यकेंद्रे आणि गल्लोगल्ली खासगी दवाखाने. बंगळुरूच्याच इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ या संस्थेतल्या उपेंद्र भोजानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वस्तीतली ९,२९९ घरे पालथी घातली. त्यांतल्या ३,२०२ घरांत कोणाला तरी दीर्घकाळचा आजार होता: रक्तदाब, मधुमेह, दमा, सांधे, असले. संशोधकांनी मोठी ऑपरेशने बाजूला ठेवली. माणूस रुग्णालयात दाखल न होता, नुसता डॉक्टरला दाखवून आणि गोळ्या घेऊन महिनाभरात किती खर्च करतो, एवढेच त्यांनी पाहिले. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

जवळजवळ ७० टक्के घरांनी खिशातून पैसे दिले होते. मधल्या घराचा खर्च उत्पन्नाच्या ३.२ टक्के होता. एवढेच वाचले तर वाटेल, काही फार नाही. पण १६ टक्के घरे त्या १० टक्क्यांच्या रेषेपलीकडे गेली होती आणि त्यांत गरीब घरांचा भरणा जास्त होता. मला हादरवणारे वाक्य त्यापुढे आहे. एका महिन्यात, केवळ या गोळ्या-तपासण्यांच्या खर्चामुळे, दारिद्र्यरेषेखाली असलेल्या माणसांची संख्या दुप्पट झाली. आधीच खाली होते ते आणखी खाली गेले. यात ना अपघात होता, ना कॅन्सर, ना बायपास. ज्या साध्या गोळ्या आपल्या स्वयंपाकघराच्या फळीवर डब्यात पडलेल्या असतात, त्यांनी हे केले.

त्याच वस्तीवरचा त्यांचा दुसरा लेख २०१३चा आहे. मधुमेह, रक्तदाब हे खात्यापित्या घरचे आजार, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. केजी हळ्ळीत उलटे निघाले. दारिद्र्यरेषेखालच्या लोकांनीच असे आजार असल्याचे जास्त सांगितले. आणि ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण खासगी डॉक्टरांकडे जात होते.

सरासरी माणसाला फसवते ती इथे. केंद्र सरकारच्या २०२२-२३च्या उपभोग खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबांच्या एकूण खर्चात वैद्यकीय खर्चाचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास आहे, ग्रामीण भागात ७च्या. यात ज्यांच्या घरी वर्षभर ताप आला नाही तेही आहेत आणि ज्यांनी दागिने मोडले तेही. आजार सगळ्यांना वाटून येत नाही. शिवाय त्या ६ टक्क्यांत साधारण दोन-तृतीयांश भाग रुग्णालयात दाखल न होता झालेल्या खर्चाचा आहे. म्हणजे केजी हळ्ळीत दिसले तेच देशभर आहे: थेंबाथेंबाने जाणारा पैसा एकदम जाणाऱ्या पैशापेक्षा जास्त आहे.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना मी अक्का म्हणते, त्या मला अम्मा म्हणतात. त्या चार घरी स्वयंपाक करतात, यजमान दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवतात. दोघांचे मिळून महिन्याला २६,००० येतात. यजमानांना साखर आणि रक्तदाब दोन्ही आहे. मी त्यांच्याबरोबर बसून महिन्याचा हिशेब मांडला. गोळ्या १,४५०, डॉक्टरांची फी ३००, दर तीन महिन्यांनी होणाऱ्या तपासण्या महिन्यावर वाटल्या तर ३००. एकूण २,०५०. उत्पन्नाच्या आठ टक्क्यांना थोडे कमी. म्हणजे मापाप्रमाणे हे घर संकटात नाही.

पण २६,०००मधून ९,००० खोलीचे भाडे जाते आणि किराणा, भाजी, दूध, गॅस यांचे ९,००० जातात. उरतात ८,०००. त्यांत फी, बस, कर्जाचा हप्ता, सणवार, आणि हे २,०५०. उरलेल्याचा चौथा हिस्सा. महिन्याला दोन लाख मिळवणाऱ्या संगणक अभियंत्याच्या घरातून आठ टक्के गेले तर एखादी सहल रद्द होईल. इथे आठ टक्के गेले की मुलाची फी पुढे ढकलली जाते. टक्केवारी तीच असली तरी ती कशातून काढली हे पाहायलाच हवे. म्हणूनच काही अभ्यासक आधी अन्नाचा खर्च वजा करतात आणि मग उरलेल्या ऐपतीतून किती टक्के आजारावर गेले ते मोजतात. मला ते माप जास्त प्रामाणिक वाटते. बंगळुरूसारख्या शहरात भाडेही वजा करावे, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट त्या हिशेबात निघाली. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अक्कांचे यजमान गोळी दिवसाआड घेतात. पाकीट पुरवायचे असते. त्या महिन्यात खर्च कमी दिसतो, टक्का खाली येतो. पाहणी करणाऱ्याच्या कागदावर ते घर सुधारलेले दिसेल. शरीरात मात्र साखर वाढलेली असते आणि तिची वसुली पुढे पायावर, डोळ्यावर, मूत्रपिंडावर होते. कमी खर्चाचे घर म्हणजे निरोगी घर असे कोणी मला सांगू लागले की मला या दिवसाआडच्या गोळीची आठवण होते.

अक्कांच्या बहिणीचे तर आजारपण हिशेबात दिसतच नाही, इतके ते दुसऱ्या रकान्यात लपले आहे. बंगळुरूत ‘लीज’ नावाची पद्धत आहे. घरमालकाला एकदम काही लाख रुपये द्यायचे, मग दोन-तीन वर्षे भाडे नाही, सोडताना पूर्ण रक्कम परत. कष्टकरी कुटुंबे त्यासाठी वर्षानुवर्षे भिशी लावतात, इथे तिला चीटी म्हणतात, सोने तारण ठेवतात, कारण भाड्याचा जाच सुटतो. बहिणीच्या नवऱ्याचे पोटाचे ऑपरेशन एका खासगी रुग्णालयात झाले. बिल भरायला त्यांनी लीज मोडली, पैसे घेतले आणि भाड्याच्या खोलीत गेले. आता दर महिन्याला ते जे भाडे भरतात तो माझ्या लेखी वैद्यकीय खर्च आहे. पण कुठल्याही पाहणीत तो घरभाडे म्हणूनच नोंदला जाईल. तसेच सावकाराचे व्याज, तसेच मुलीने कॉलेज सोडून धरलेली नोकरी.

‘सरकारी विमा आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो. आहे, आणि तो चांगलाही आहे. कर्नाटकाने या बाबतीत देशाच्या आधी पावले टाकली. सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना २००३मध्येच आली. पुढे वाजपेयी आरोग्यश्री आणि २०१८पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक. रेशनकार्डावर गरीब ठरलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. बाकीच्यांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के रक्कम सरकार देते आणि तिला दीड लाखाची मर्यादा आहे. हृदयाची झडप, कॅन्सरची शस्त्रक्रिया यांसाठी या कार्डाने कितीतरी माणसे वाचवली आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकांना महात्मा फुले जनआरोग्य योजना परिचयाची आहे, तिचा साचा असाच.

पण हा सगळा साचा खाटेभोवती उभा आहे. माणूस आडवा झाला, रुग्णालयात दाखल झाला, की योजना जागी होते. जो उभा आहे, रिक्षा चालवतो आहे आणि रोज दोन गोळ्या घेतो आहे, त्याच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. खासगी विमाही बहुतांशी तसाच. म्हणजे मधुमेहाच्या २० वर्षांच्या गोळ्या ज्याच्या त्याने विकत घ्यायच्या आणि शेवटी पाय कापायची वेळ आली की शस्त्रक्रिया फुकट. हे मला पटत नाही. पैशाच्या हिशेबानेही पटत नाही.

गोळ्यांचा भार किती मोठा आहे, हे पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाच्या अभ्यासकांनी मोजले होते. २०११-१२मध्ये आरोग्यखर्चामुळे देशात सुमारे साडेपाच कोटी माणसे दारिद्र्यात ढकलली गेली. त्यांतली ३ कोटी ८० लाख निव्वळ औषधांच्या खर्चामुळे.

याउलट एक जुनी, फारशी कौतुकात नसलेली व्यवस्था आपल्याकडे आहे: कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय. १९४८चा कायदा. अक्कांची मुलगी बंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. तिच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. १४,००० पगार धरला तर तिचे १०५ रुपये, मालकाचे ४५५. एवढ्यात तिला डॉक्टर, गोळ्या, तपासण्या, रुग्णालय तर मिळतेच, शिवाय आजारी रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरीही मिळते. दवाखान्यात रांग असते, कधी एखादी गोळी नसते, हे मुलगी सांगते. तरी या घरात आजारपणाचा खर्च आधीच ठरलेला असलेली ती एकटीच आहे. तिच्या आजाराने पगाराचे किती टक्के न्यायचे हे कायद्याने ठरवले आहे, तिच्या बापाच्या आजाराने किती न्यायचे हे आजारच ठरवतो.

वडिलांना मात्र त्या कार्डाचा उपयोग नाही. आईवडील मुलीच्या कमाईवर अवलंबून असतील तरच ते त्यात येतात आणि हे दोघे कमावते आहेत. रिक्षाचालक, स्वयंपाकीण, हमाल, फेरीवाला यांना पगार देणारा असा कोणी एक मालक नाही आणि सगळी योजना मालकाच्या ३.२५ टक्क्यांवर उभी आहे. कर्नाटकाने २०२५मध्ये ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कायदा केला. प्रत्येक व्यवहारामागे कंपनीने १ ते ५ टक्के कल्याणशुल्क भरायचे, अशी त्यात तरतूद आहे. मालक सापडत नसेल तर व्यवहारातून वाटा काढायचा, ही कल्पना मला योग्य दिशेची वाटते. अक्कांपर्यंत ती पोहोचायला अजून वाट आहे.

औषधांचा भार असा घरांवरच का पडला, याचे मूळ शोधताना मला आपल्याच माणसांची नावे भेटली. १९६२मध्ये नियोजन आयोगाने एक गट नेमला होता. भारतात जगण्यासाठी कमीत कमी किती पैसे लागतात हे त्याने ठरवायचे होते. त्या गटात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, अण्णासाहेब सहस्रबुद्धे होते, आणि व्ही. के. आर. व्ही. राव होते. याच रावांनी पुढे १९७२मध्ये बंगळुरूला इन्स्टिट्यूट फॉर सोशल अँड इकॉनॉमिक चेंज स्थापन केली. गटाने १९६०-६१च्या किमतींनुसार माणशी महिना २० रुपये ही रक्कम ठरवली. त्या २० रुपयांत आरोग्य आणि शिक्षण धरलेले नव्हते. ते दोन्ही सरकार पुरवणार, असे गृहीत होते.

मी हे वाचले तेव्हा बाबांच्या वहीतल्या त्या नसलेल्या रकान्याचा अर्थ मला नव्याने कळला. त्या मोठ्या माणसांनी देशभरातल्या प्रत्येक घराची वही तशीच असेल असे धरले होते. दूरवाणीनगरात ते खरे ठरले, केजी हळ्ळीत ठरले नाही. सरकारी दवाखाने पुरेसे उभे राहिले नाहीत, लोक खासगीकडे गेले, पण दारिद्र्यरेषा मात्र पुढची कित्येक वर्षे औषधाला पैसे लागतच नाहीत अशा थाटात मोजली गेली. सुरेश तेंडुलकर समितीने २००९च्या अहवालात ही चूक मान्य केली आणि लोक आरोग्य-शिक्षणावर खिशातून करत असलेला खर्च रेषेत धरला. तोवर जवळपास अर्धे शतक गेले होते.

चित्र सगळेच काळे नाही, हेही सांगितले पाहिजे. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सरकारचा खर्च त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७च्या आरोग्य धोरणाने तो २०२५पर्यंत २.५ टक्के करण्याचे ठरवले होते. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, ते आमच्यासारख्यांना लगेच जाणवले. अक्कांच्या घरी हप्ताच नाही, त्यामुळे त्यांना त्याचा उपयोग नाही.

त्यांना उपयोग होईल ते घराजवळ आहे. बंगळुरूत २०२३च्या सुरुवातीपासून वॉर्डावॉर्डांत ‘नम्म क्लिनिक’ उघडली गेली. डॉक्टर, परिचारिका, साध्या तपासण्या, औषधे, सगळे मोफत. केजी हळ्ळीच्या अभ्यासकांनी हेच सुचवले होते: साध्या आजाराला माणसाला मोठ्या रुग्णालयात जावे लागू नये आणि कायमच्या गोळ्या परवडणाऱ्या असाव्यात, कारण जी घरे मोठ्या रुग्णालयात जात होती तीच जास्त बुडत होती. मी अक्कांच्या यजमानांना तिथे घेऊन गेले. रक्तदाबाची गोळी आता तिथून मिळते. साखरेच्या दोनपैकी एक मिळते, दुसरी आम्ही जनऔषधी दुकानातून जेनेरिक नावाने घेतो. गोळ्यांचे १,४५० आता सहाशेच्या आत आले आहेत. अडचण वेळेची आहे. क्लिनिक दिवसा उघडे असते आणि रिक्षा दिवसाच चालते. एक सकाळ गेली की त्या सकाळच्या कमाईवर पाणी सोडावे लागते, तरी रिक्षामालकाला भाडे द्यावेच लागते. संध्याकाळी सहा ते नऊ दवाखाना चालू ठेवा आणि साखर-रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याच्या एकदम द्या, एवढ्या दोन मागण्यांचे पत्र आमच्या गल्लीतल्या बायकांनी वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कन्नडमध्ये लिहून दिले आहे. अक्कांनी त्याला दोन महिन्यांचा हिशेब जोडला आहे, आधीचा आणि आताचा. त्यात बुडालेल्या सकाळीही त्यांनी रुपयांत मांडल्या आहेत.